क्यू ६६०० चा वेग वाढवताना

इंटेलने जानेवारी २००७ मध्ये बाजारात आणलेला कोअर टू क्वाड क्यू ६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, विशेष नावाजला गेला. त्याचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. फ्रंट साइड बसचे २६६ मेगाहर्ट्झ आणि ९ चा मल्टिप्लायर यांच्या गुणाकारातून तो येतो. मल्टिप्लायर ९ च्या वर नेता येत नाही, त्यामुळे वाढवायची ती बसच. ती ३३३ केली की ३ गिगाहर्ट्झ मिळतात, ४०० केली की ३.६.

ट्रान्झिस्टरची उघडझाप जास्त वेगाने व्हावी यासाठी एका टप्प्यानंतर व्होल्टेज वाढवावे लागते, आणि उष्णतेचा खरा प्रश्न तिथे सुरू होतो. वीजवापर वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, व्होल्टेज १.२५ वरच ठेवून ३ गिगाहर्ट्झ मिळाले, तर हा वापर सुमारे २५ टक्के वाढेल. त्याच वेगासाठी १.३५ व्होल्ट लागले, तर वाढ ४५ टक्क्यांच्या पुढे जाईल. ३.६ गिगाहर्ट्झसाठी १.४५ व्होल्ट द्यावे लागले, तर वापर मूळच्या दुप्पट होईल. शिवाय तापलेल्या चिपमधून विजेची गळती वाढते आणि ती गळती आणखी उष्णता निर्माण करते. म्हणून कमीत कमी व्होल्टेजमध्ये किती वेग मिळतो, हे शोधणे हेच या कामाचे सूत्र आहे.

सुरुवात चिप ओळखण्यापासून होते. क्यू ६६०० च्या दोन आवृत्त्या विकल्या गेल्या. आधीच्या बी३ ची उष्णता-मर्यादा १०५ वॉट, तर २००७ च्या मध्यात आलेल्या जी० ची ९५ वॉट. झाकणावर ‘एसएलएसीआर’ हा संकेत असेल तर ती जी०. झाकणाच्या मध्यभागी जी० ला ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान चालते, बी३ ला सुमारे ६२ पर्यंतच.

त्यानंतर थंडाव्याची व्यवस्था. जुन्या यंत्रात थर्मल पेस्ट वाळलेली असते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ घट्ट बसलेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पातळ लावावी. मूळ पंखा मदरबोर्डला चार दाबखुंट्यांनी बसतो. त्यांतली एक जरी अर्धवट बसली तरी हीटसिंक तिरका राहतो आणि तापमान चढते. व्होल्टेज वाढवायचे असेल तर मोठा टॉवर कूलर हवा. मदरबोर्डवरील व्होल्टेज नियंत्रक भागांवरूनही हवा फिरली पाहिजे, कारण वाढीव वीज त्यांच्यातूनच जाते.

बायोसमध्ये व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवू नये. अनेक मदरबोर्ड वेग वाढताच ते गरजेपेक्षा जास्त वाढवतात. पीसीआय एक्सप्रेस १०० मेगाहर्ट्झवर स्थिर करावी. बससोबत मेमरीचाही वेग वाढतो, म्हणून तिचे गुणोत्तर सर्वांत खालचे निवडावे. एकास एक गुणोत्तरात ४०० च्या बसवर डीडीआर२-८०० मेमरी तिच्या ठरलेल्या वेगानेच चालते.

आता बस दहा-दहा मेगाहर्ट्झने वाढवत जावी. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ ची ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी चालवावी. ती चारही कोअर पूर्ण राबवते आणि गणितात चूक झाली की थांबते. चूक आली आणि तापमान आटोक्यात असेल, तर व्होल्टेज एका बारीक टप्प्याने वाढवून पुन्हा चाचणी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दोष नेमका कुठला, ते कळते. बायोसमधला आकडा आणि पूर्ण भाराखालचे प्रत्यक्ष व्होल्टेज यांत फरक पडतो, म्हणून दोन्हींची नोंद ठेवावी.

कोअरमधला सेन्सर थेट तापमान मोजत नाही, धोक्याच्या मर्यादेपासून चिप किती अंश दूर आहे ते सांगतो. त्यामुळे मर्यादेजवळ तो बराच विश्वासार्ह असतो, थंड अवस्थेत कमी. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो आणि त्यापुढे तापला तर यंत्र बंद पाडतो. ही शेवटची सुरक्षा आहे, तिच्या भरवशावर रोज काम करू नये. पूर्ण भाराखाली कोअर ७० अंशांच्या आत ठेवणे हा सावध नियम.

खोलीचे तापमानही हिशेबात धरावे लागते. २५ अंशांच्या खोलीत ६० वर राहणारा कोअर ४० अंशांच्या खोलीत साधारण ७५ वर जातो. नागपूर-चंद्रपूरकडे डिसेंबरमध्ये ठरवलेला वेग म्हणूनच मे महिन्यात पुन्हा तपासावा. अनेक जी० चिप मूळ व्होल्टेजच्या आसपास ३ गिगाहर्ट्झ देतात. रोजच्या वापरासाठी तिथे थांबणे शहाणपणाचे, कारण त्यापुढची वाढ वीज, पंख्याचा आवाज आणि चिपचे आयुष्य या तिन्हींतून वसूल होते. वेग पक्का झाल्यावर स्पीडस्टेप सुरू ठेवावे. काम नसताना मल्टिप्लायर ६ वर उतरतो आणि ३३३ च्या बसवरचा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झवर थंड राहतो.