जुळ्या तुकड्यांची वाटणी

मेमरीवाटपाच्या गणितात ‘बेस्ट फिट’च जिंकतं, मग सगळे संगणक तेच का वापरत नाहीत, असं नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका वाचक मुलीने विचारलं आहे. कॉलेज नांदेडचं असो की लातूरचं, गणित बहुधा एकच: रिकाम्या जागा 100, 500, 200, 300, 600 केबी, मागण्या 212, 417, 112, 426. दिसेल ती पहिली पुरेशी जागा देणाऱ्या ‘फर्स्ट फिट’मध्ये 426 वाला ताटकळतो. सर्वांत नेमकी जागा हुडकणाऱ्या ‘बेस्ट फिट’मध्ये चौघेही बसतात.

आता आकडे बदला. जागा 60 आणि 50, मागण्या ओळीने 40, 45, 18. फर्स्ट फिटमध्ये तिन्ही बसतात. बेस्ट फिटकडे दोन मागण्यांनंतर 10 आणि 15 उरतात. बेरीज 25, तरी 18 ला जागा नाही.

मराठवाड्यात हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यांची बेरीज आठ एकर, पण तुकडे चार शिवारांत! मुंबई प्रांताच्या 1947च्या तुकडेबंदी कायद्यात निदान एकत्रीकरणाची सोय तरी होती. सी भाषेतल्या ‘मॅलॉक’ने दिलेली जागा मात्र परस्पर हलवता येत नाही, प्रोग्रामने तिचा पत्ता धरून ठेवलेला असतो.

माझी लाडकी पद्धत ‘बडी’. जागेचे दोन समान भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन, मागणी जेमतेम मावेपर्यंत. 9 केबी मागा, 16 मिळतात, उधळपट्टीच. गंमत आहे ती परत करताना. तुकडा जुळतो तो फक्त सख्ख्या भावाशी, बांधाला बांध असलेल्या चुलतभावाशी नाही. भाऊ शोधायला मोजणीही नको: पत्त्यातला एक बिट उलटवला की त्याचा पत्ता हाती. लिनक्सचं कर्नल आजही मेमरीची पानं असंच वाटतं.

या युक्तीसाठी केनेथ नोल्टन यांच्या 1965च्या लेखाकडे बोट दाखवलं जातं. पण डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवून ठेवलंय की हॅरी मार्कोविट्झ यांनी 1963 मध्येच ती सिमस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत वापरली होती. होय, तेच मार्कोविट्झ, ज्यांना गुंतवणूक कशी विभागावी या सिद्धांतासाठी 1990 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं!

बेस्ट फिट टाकाऊ मुळीच नाही. डग ली यांनी 1987 पासून घडवलेला मॅलॉक आकारवार कप्पे करून जवळपास तेच करतो. लिनक्सवरचा नेहमीचा मॅलॉक त्याचाच वंशज. मात्र शेजारचे मोकळे तुकडे तो जोडतही राहतो. परीक्षेच्या गणितात घेतलेली जागा कुणी परतच करत नाही.