पालटलेल्या मोटारीचे मोल

जुनी वस्तू जितकी अस्पर्श तितकी मोलाची, असा संग्राहकांचा दंडक आहे. मग मालकाने हौसेने पालटलेली जुनी स्पोर्ट्स मोटार विकावी कशी?

इंग्लंडात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम.जी.बी. घ्या. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतील नियमांपायी तिला रबरी बंपर आले, ती जमिनीपासून उंचावली आणि वळणावरचा तिचा तोल बिघडला. पुढे पुष्कळांनी क्रोमचे बंपर बसवले, गाडी खाली आणली. काहींनी चार सिलिंडरांच्या जागी रोव्हरचे आठ सिलिंडरांचे एंजिन घातले. बंद टपाच्या गाडीत कारखान्यानेही १९७३ ते १९७६ या काळात हेच केले होते. तेव्हा याला निव्वळ अधर्म म्हणता येत नाही!

अमेरिकेतील ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या संकेतस्थळावर अशा मोटारींचे लिलाव होतात. गिऱ्हाईक तेथे बहुधा गाडीला हात न लावताच बोली करते. छायाचित्रे आणि विक्रेत्याचा शब्द एवढाच त्याला आधार. एम.जी.बी.ला निराळी चौकट नाही. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर सांगाड्याची मोठी मदार, आणि गंज नेमका तेथेच धरतो. त्या पट्ट्यांची छायाचित्रे नसतील, तर जाणता माणूस पुढे सरकत नाही. काढलेले मूळ एंजिन जपले असल्यास सोबत द्यावे. पूर्ववत करता येणारा बदल कमी खुपतो. बदलांचा खर्च मात्र सहसा वसूल होत नाही. पावत्यांची बेरीज करून राखीव किंमत ठरवणाऱ्याची गाडी बहुधा घरीच राहते.