क्रिएटिनिन १.२: नॉर्मल कुणाचं?

दिवाळी अंक बाजारात येतात त्याच सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे कोयते ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी. अहिल्यानगर जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या आजाराचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात याच जोडीपासून करावी.

एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये नोंदवलं, की मूत्रपिंड निकामी होऊन येणाऱ्या अनेक शेतमजुरांना ना मधुमेह आहे, ना आधीपासूनचा रक्तदाब. निकाराग्वाच्या उसात, श्रीलंकेत, आंध्रातल्या उद्दानममध्येही तेच दिसलं. ऊन, कमी पाणी, कीटकनाशकं असे संशयित बरेच. गुन्हेगार अजून ठरलेला नाही. आपली तोड थंडीत सुरू होते, त्यामुळे तिकडचं निदान इकडे चिकटवू नये. पण मार्चचं ऊन, आडोसा नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या बाया आणि कंबर धरली की डायक्लोफिनॅकची गोळी, एवढं मूत्रपिंडाला मार बसायला पुरतं.

मुतखडा ओरडून सांगतो; निकामी होत चाललेलं मूत्रपिंड बहुधा दुखतच नाही. म्हणून भिस्त तपासणीवर, आणि तिथेच गफलत होते. रक्तातलं क्रिएटिनिन १.२ आलं की ‘नॉर्मल’ म्हणून कागद परत मिळतो. पंचविशीतल्या पुरुषाचा त्यावरून काढलेला जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, ८५ च्या आसपास येतो. साठीतल्या बाईचा जेमतेम ५२. अंगावर मांस नसलेल्या बाईत हा हिशेबही फसवा, खरं काम त्याहून कमी असू शकतं. शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन बघायलाच हवं. जीएफआर शाबूत असतानाही ते गळू लागतं, आणि नेमकी हीच स्वस्त तपासणी राहून जाते.

दीर्घकालीन आजार म्हणायला दोष तीन महिन्यांहून जास्त टिकलेला दिसावा लागतो. ऑक्टोबरात पहिली तपासणी केलेली बाई जानेवारीत कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकच्या फडात असते. म्हणून माझ्या मते पहिली तपासणी जूनअखेरीस करावी, दुसरी निघण्याआधी. जिल्ह्यातल्याच लोणीत सहकारी साखर कारखाना १९५० पासून आणि ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. गाळपाचं वेळापत्रक आणि तपासणीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघायला याहून सोयीची जागा कुठली?

उपचारांनाही हेच पंचांग लागतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी रक्तदाब उतरवते, अल्ब्युमिनची गळती रोखते. पण सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघावं लागतं. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नये. निघायच्या आदल्या दिवशी मात्र ती सुरू करू नये. मुळात मधुमेहाचं औषध असलेलं डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांतही आजाराचा वेग कमी करतं, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं. आता त्याच्या जेनेरिक गोळ्या मिळतात. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत या दोन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे मुकादमालाही समजावून ठेवावं.

महात्मा फुले योजनेत डायलिसिस मोफत मिळतं, पण आठवड्याला दोन-तीन खेपा म्हणजे तोडणी संपलीच. डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर आणि त्यानंतरही त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही, ही ओळ केसपेपरवर ठळक लिहावी. उद्या सुई टोचणारी सिस्टर दुसऱ्याच जिल्ह्यातली असेल.