सळईच्या पोटातला ताण

उलव्यात राहायला आल्यापासून मला ट्रकमधून उतरणाऱ्या सळ्यांच्या खणखणाटानेच जाग येते. धातुशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे शेजारच्या बांधकामावरचा तरुण अभियंता एकदा चाचणी-प्रमाणपत्र घेऊन आला. माल 'एफई ५०० डी'चा, पण कार्बन ०.२९ टक्के. "काका, कार्बन जास्त म्हणजे सळई अधिक मजबूतच ना?"

लोहार विळ्याला पाणी देतो, तसेच गिरणीत टीएमटी सळईवर पाण्याचे फवारे मारतात. कड आधी थंड होते. गाभा मागाहून आकसतो आणि कडेला आत ओढतो. शेवटी कडेत दाब आणि गाभ्यात ताण उरतो. वर कोणतेही ओझे नसताना धातूत दडलेल्या या बलांना 'अवशिष्ट ताण' म्हणतात.

पण पोलाद नुसते आकसत नाही. झटकन थंड झाले की त्याचे मार्टेन्साइट होते आणि ते फुगते. फक्त कडच फुगली तर तिच्यातला दाब वाढतो. असा दाब तडा पसरू देत नाही. कार्बन, मँगनीज, क्रोमियम वाढले की ही क्रिया खोलवर जाते. मग गाभा उशिरा फुगतो, ताठ झालेल्या कडेला आतून ढकलतो आणि दाबाच्या जागी ताण येतो. जाड भागांना पाणी देताना तडे जातात ते यामुळेच. शिवाय अँड्र्यूज यांच्या १९६५ च्या सूत्राप्रमाणे ०.१ टक्का कार्बन वाढला, की मार्टेन्साइट सुरू होण्याचे तापमान सुमारे ४२ अंशांनी उतरते. फुगणे जितके थंडपणी, तितका धातू कमी लवचीक.

सळईचा गाभा मार्टेन्साइट होत नाही. उलट त्याची उष्णता कडेला पुन्हा तापवून ताण बराच उतरवते. तरी कार्बन वाढला की कड अधिक कठीण होते आणि सळई वाकवताना, वेल्डिंग करताना दगा देऊ शकते. म्हणून आयएस १७८६ या मानकात साध्या '५००'ला कार्बनची मर्यादा ०.३० टक्के, तर '५०० डी'ला ०.२५ टक्के आहे. तुटण्यापूर्वी पहिलीने किमान १२ टक्के ताणले जावे, दुसरीने १६ टक्के. भूकंपात हीच लवचीकता माणसे वाचवते.

जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळ्या होतात. भंगार बदलले की रसायन बदलते. म्हणून प्रत्येक हीटचा क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहावा, असे मी त्याला सांगितले. त्याने माल परत पाठवला. स्लॅब आठवडाभर लांबला, ठेकेदार माझ्यावर रुसला.