घरात एक वही असू द्या

कारधा गाव वैनगंगेच्या काठी, भंडारा शहराच्या पलीकडे वसलेले आहे. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि काठची वस्ती पाण्यात गेली. पूर ओसरला की पंचनामा होतो. धान किती होते, भांडीकुंडी काय गेली, असे प्रश्न येतात. ज्यांनी लिहून ठेवले आहे, त्यांना उत्तर देणे सोपे जाते.

हल्ली हिशेब मोबाईलमध्ये ठेवायची चाल पडली आहे. मोबाईलला आम्ही नावे ठेवत नाही. बचत गटाचा हप्ता केव्हा, याची तो वेळेवर आठवण देतो. पण तो पाण्यात पडला, हरवला, की सारे त्याच्यासोबत जाऊ शकते. शिवाय पुष्कळ घरांत तो एकच असतो आणि घरधन्याच्या खिशात असतो. वही घरात राहते. रोवणीवरून आलेली आई दिवा लावून तिच्यात दोन ओळी लिहू शकते.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी असेच केले. दुकानात बसून, रद्दीचे कागद वाचता वाचता त्या लिहू लागल्या. घरच्यांच्या भीतीने वह्या वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. पुढे ते लेखन ‘स्त्री’ मासिकात आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक झाले. त्या वह्या नसत्या तर आपल्या आज्यांचे किती दुःख अबोलच राहिले असते!

स्वतः बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे अनुभव आपल्या हाताने लिहून ठेवले. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून झालेला अपमानही त्यात आहे. ते हस्तलिखित जपले गेले, म्हणून पीपल्स एज्युकेशन सोसायटीला १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ छापता आले.

भगिनींनो, शंभर पानी वही घ्या. पानावर तारीख टाका. मजुरीचे दिवस, उसनवारी, धानाचा चुकारा, मुलांची फी लिहा. उरलेल्या जागेत म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवा. शाईपेक्षा बॉलपेन बरा. ओल लागली तरी अक्षर लवकर फुटत नाही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच फळीवर ठेवा.

ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्या लेकींनी येत्या पौर्णिमेपासून सुरुवात करावी, हीच आमची विनंती. जयभीम!