भोंगा वाजला की पळायचं कुठे?

बोईसरमध्ये रात्री मोठा आवाज झाला की पहिला फोन ठरलेला: "अणुकेंद्रात काही झालं का?" १९६९पासून शेजारी असलेल्या केंद्राची ही धास्ती समजण्यासारखी आहे. पण इथले जीवघेणे स्फोट झालेत ते एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांत. ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी कोळवड्याच्या कारखान्यातल्या स्फोटात आठ जण गेले.

वायू सुटला की घर सोडून पळावं, हाही गैरसमजच. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड, जमिनीलगत सरपटतो. त्याच्यापासून वाचायचं तर वरचा मजला बरा. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया मात्र मुळात हलका, त्याला हा नियम लागू नाही. घरात असाल तर दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा, पंखे बंद करा. बाहेर सापडलात तर दोरीवरचे कपडे कुठे उडताहेत ते पाहा आणि वाऱ्याला आडवे चालत सुटा. वाऱ्याच्या दिशेने धावणारा वायूच्या सोबतीनेच धावत असतो.

बंब आला म्हणजे सुटलो, असंही नाही. सोडियमवर पाणी पडलं तर हायड्रोजन सुटून भडका उडतो. टोल्युइन पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत गटारातून पुढे जातं. तिथे फोमच हवा. आपल्याकडचा संपला तर तो शेजारच्या कारखान्यातून आणायचा, आणि त्यासाठी कुणाकडे काय आहे हे आधी ठाऊक पाहिजे.

सगळ्यात महाग गैरसमज मात्र कारखानदारांचा: "आतली गोष्ट आतच बरी." वीज जाते, ढवळणी थांबते, रिअ‍ॅक्टरचा काटा चढू लागतो. ऑपरेटर धावतो, बॅच वाचते, सगळे चहा घेतात. नोंद कुठेच नाही. शेजारच्या प्लॉटवरच्या तसल्याच रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या असलेल्या पोराला हे कधी कळतच नाही. धडे आतच राहिले की स्फोट पुन्हा होतात: डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६मध्ये भीषण स्फोट झाला, मे २०२४मध्ये पुन्हा.

अशा अपघातांच्या तयारीसाठी कायदा नाही म्हणणाऱ्यांनी १९९६चे रासायनिक अपघात नियम वाचावेत. स्थानिक संकट गटात पोलीस, अग्निशमन, डॉक्टर, कारखानदार, समाजसेवक असे सगळे एकत्र बसतात. बैठक दरमहा, मोठी मॉक ड्रिल सहा महिन्यांनी. आसपासच्या लोकांना शिकवणं हेही त्याच गटाचं काम. पण शिकवायचं तर समजेल अशा भाषेत. धोक्याच्या भोंग्याचा अर्थ सांगणारा फलक मराठीतच लावला, तर चाळीतल्या उडिया कामगाराने तो वाचायचा कसा?