घरमालकाशी थेट व्यवहार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साकोलीहून राष्ट्रीय महामार्गाने सुमारे शंभर कि.मी. अंतरावर असलेले नागपूर हे आपल्या तालुक्यातील विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षणाचे स्वाभाविक स्थान आहे. कारण ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातच भंडारा जिल्हा मोडतो. रोज एस.टी.ने ये-जा करून अध्ययन साधणे कठीण, आणि वसतिगृहात प्रत्येकाची सोय होईलच असे नाही. त्यामुळे रवीनगर, भरतनगर, धरमपेठ अशा अमरावती मार्गालगतच्या वस्त्यांत किरायाची खोली शोधावी लागते. दलालाची दस्तुरी वाचावी म्हणून पुष्कळ पालक थेट घरमालकाशी बोलणी करतात. हा मार्ग उत्तम आहे. परंतु मध्यस्थ नाही म्हणून दस्तऐवजाचीही गरज नाही, या समजुतीने तो धोक्याचा होतो.

गैरसमज : अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही.

वस्तुस्थिती : १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची केली असल्यामुळे अकरा महिन्यांचा प्रघात देशभर रूढ झाला. मात्र ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे जागा भाड्याने असो वा लिव्ह अँड लायसन्सने असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग त्याची मुदत कितीही अल्प असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे; कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का घेतल्याने ही नोंदणी होत नाही.

गैरसमज : नोंदणी खर्चिक आणि कटकटीची असते.

वस्तुस्थिती : लिव्ह अँड लायसन्स करारावरील मुद्रांक शुल्क, मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर, शेकडा पाव टक्का आहे. महिना ६,००० रुपये किराया, १२,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर ही बेरीज ६७,१०० रुपये होते व शुल्काचा आकडा १६८ रुपयांच्या आसपास येतो. महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. आधार-पडताळणी करून हे काम ऑनलाइनही होते. त्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.

गैरसमज : किल्ली ज्याच्या हाती तोच मालक.

वस्तुस्थिती : खोली दाखवणारा इसम मालकाचा नातलग, जुना भाडेकरू किंवा केवळ राखणदारही असू शकतो. म्हणून बयाणा देण्यापूर्वी घरपट्टीची पावती, वीजबिल आणि सूची क्रमांक दोनचा उतारा किंवा आखीव पत्रिका पाहावी आणि त्यांवरील नाव ओळखपत्राशी ताडून घ्यावे. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी आणि प्रत्येक भरण्याची लेखी पावती मागावी. ती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

गैरसमज : अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही.

वस्तुस्थिती : ही मर्यादा २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यातील आहे, आणि राज्याने स्वीकारल्यावाचून असा मसुदा लागू होत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमाने अनामतीला अशी मर्यादा घातलेली नाही. म्हणून तिची रक्कम, परतीची मुदत आणि वजावटीची कारणे ही सर्व करारातच नमूद करावीत.

गैरसमज : मुदत संपताच मालक सामान बाहेर काढू शकतो, किंवा, याउलट, भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही भये १९९९ च्या त्याच अधिनियमाच्या कलम २४ ने निराधार ठरवली आहेत. लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि कब्जा मिळवण्यासाठी मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. स्वतःच्या हाताने कुलूप ठोकण्याची मुभा त्यास नाही.

गैरसमज : बारावी झालेला मुलगा स्वतः करार करू शकतो.

वस्तुस्थिती : अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे करार करण्याची पात्रता नाही. बारावीनंतर नागपूरला जाणारी कित्येक मुले सतरा वर्षांचीच असतात. त्यांच्यासाठी करार पालकानेच आपल्या नावाने करावा, आणि खोलीत कोण राहणार याचा त्यात स्पष्ट उल्लेख करावा.

कागद मागणे म्हणजे घरमालकावर अविश्वास दाखवणे, अशी एक सौजन्यपूर्ण भीड आपल्या गावांत आहे. तिचा आदर राखूनही सांगितले पाहिजे की, नोंदणीकृत करारामुळे प्रामाणिक मालकाचे कोणतेच नुकसान होत नाही आणि त्याच्या हक्कांचेही त्यातच रक्षण होते; आणि जो मालक त्यास साफ नकार देतो, त्याची खोली विद्यापीठापासून कितीही जवळ असली, तरी साकोलीच्या पालकाने तेथे मुलीचे वा मुलाचे सामान उतरवू नये.